पोरांना बालनाट्याला न्या, पण कुठलं ते बघून न्या

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही ते सुटले. ‘अलबत्या गलबत्या’ बघा. पोरगं पाच ते अकरा-बाराच्या मधलं असेल तर बिनधास्त तिकीट काढा, दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात लागलेलं असेल तर उत्तमच. बाकी पुढे जे लिहितेय ते हे नाटक एवढं का चालतं, त्याच्या मागे कोणाकोणाची किती वर्षांची मेहनत आहे आणि सुट्टीत बालनाट्याच्या नावाखाली जे काय काय आपल्या गळ्यात मारतात त्याबद्दल आहे, आणि ते लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर आत्ता जे चालू आहे ते २०१८ मध्ये परत आलेलं नाटक. अद्वैत थिएटरचे राहुल भंडारे आणि झी मराठीने आणलं, दिग्दर्शन चिन्मय मांडलेकरचं आणि चिंची चेटकीण म्हणजे वैभव मांगले. टीव्हीवर जाहिरातींचा मारा होता तेव्हा, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांना वाटलं की हे चॅनलवाल्यांचं काहीतरी नवीन खूळ आहे. नवीन कसलं, रत्नाकर मतकरींनी हे लिहिलं तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मालाही आले नव्हते, आणि तेव्हा मतकरींच्या ‘बालनाट्य’ संस्थेच्या प्रयोगात चेटकीण करायचे दिलीप प्रभावळकर. हो तेच, ‘चौकट राजा’वाले आणि नंतर गांधीजी झालेले. म्हणजे बघा, एका चेटकिणीच्या नाकामागे दोन पिढ्यांचे दोन तगडे नट!

मांगलेंची चेटकीण मी पाहिलीय आणि नंतर दुसऱ्या नटाने केलेलीही पाहिलीय, कारण घरात एकदा बघून समाधान होत नाही हा एक प्रॉब्लेम आहेच. मांगलेंचं काय होतं, तर ते पोरांना हसवायला येत नाहीत. हसू येतं, भरपूर येतं, पण तो माणूस खरोखर काहीतरी दुष्ट काम करायला निघालाय असाच वावरतो. आवाज कुठून काढतात, पाय कसे टाकतात, एका क्षणी लाडात येऊन बोलतायत आणि पुढच्याच क्षणी मान अशी वळवतात की पुढच्या रांगेतलं एखादं पोर आईच्या पदरात तोंड खुपसतं. तरी डोळा उघडाच असतो हं त्याचा. आणि मग तेच पोर दहा मिनिटांनी खुर्चीवर उभं राहून ओरडत असतं, अरे मागे बघ, ती मागे आहे! अख्खं थिएटर ओरडत असतं. आमची मुलगी एरवी शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोन ओळी बोलायला लाजते, ती घसा बसेपर्यंत ओरडली. सुरुवातीला जे पोर रडतं त्याला इंटरव्हलला बाहेर न्यायची घाई करू नका, बहुतेक वेळा तेच पोर घरी गेल्यावर महिनाभर चेटकीण होऊन फिरतं.

तो वेश घालून, त्या विगमध्ये, त्या मेकपमध्ये उन्हाळ्यात दोन-दोन प्रयोग करायचे म्हणजे काय ते आपल्याला खुर्चीत बसून कळत नाही. २०१९ च्या मे महिन्यात सांगलीच्या प्रयोगात मांगलेंना उकाड्याने स्टेजवरच भोवळ आली होती, बातम्या आल्या होत्या तेव्हा. लोकांना वाटतं बालनाट्य म्हणजे सोपं काम. मोठ्यांच्या नाटकात सोफ्यावर बसून अर्धा अंक काढता येतो, इथे नाही काढता येत, पोरं पाच मिनिटात चुळबुळ करायला लागतात आणि एकदा ती सुटली की सुटली.

आता मतकरींबद्दल. हा माणूस मला फार इंटरेस्टिंग वाटतो कारण आमच्या घरात मोठ्यांच्या कपाटात त्यांच्या गूढकथा होत्या, रात्री वाचून बाथरूमला जायची भीती वाटायची अशा, आणि लहानांच्या कपाटात त्यांचीच बालनाटकं. बँकेत नोकरी करायचे, बँक ऑफ इंडियात, १९७८ ला सोडली आणि मग पूर्णवेळ लेखन-नाटक. पण बालनाटकाचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं. १९५५ ला त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणी मुंबईवर झाली तेव्हा ते अजून शाळा-कॉलेजच्या वयाचे, आणि १९६२ ला बायको प्रतिभाताईंना बरोबर घेऊन ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. नोकरी सांभाळून, स्वतः लिहायचं, स्वतः बसवायचं, नेपथ्याचं पण स्वतःच बघायचं आणि खिशातलेच पैसे घालायचे. त्या संस्थेच्या नाटकांची नुसती नावं वाचा – ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘अचाट गावची अफाट मावशी’, ‘इंद्राचं आसन नारदाची शेंडी’, ‘राजकन्येची सावली हरवली’. तिकीट काढायच्या आधीच पोरगं अर्धं तयार होतं की नाही?

आणि यातली गंमत मला तरी अशी दिसते की मोठ्यांना घाबरवायचं कसं हे ज्याला पक्कं माहीत आहे त्यालाच लहानांना किती घाबरवायचं ते कळतं. मतकरींच्या बालनाटकात राक्षस असतो, चेटकीण असते, ती खरीच वाईट असते, शेवटी हरते पण हरेपर्यंत तिचा दरारा असतो. कुठेही ती मध्येच सॉरी म्हणून गुड टच-बॅड टच किंवा ओला कचरा-सुका कचरा शिकवायला लागत नाही. म्हणून ती नाटकं टिकली. नेपथ्य जुनं झालं, विनोद जुने झाले, ते नवीन करता येतात, पण ती भीती आणि त्या भीतीतून सुटताना जो जीव भांड्यात पडतो तो स्क्रिप्टमध्येच बसवलेला आहे, तो दिग्दर्शकाला वरून भुरभुरवता येत नाही.

मतकरी १७ मे २०२० ला गेले, कोरोनाने. वय ८१. सगळं बंद होतं तेव्हा, थिएटरं बंद, माणसं घरात, त्यामुळे ज्या मुंबईच्या पोरांना त्यांनी एवढं हसवलं-घाबरवलं त्यांना शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. त्याआधी २०१८ ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला होता, म्हणजे ज्या वर्षी चेटकीण परत आली त्याच वर्षी. त्याच वर्षी त्यांचं ‘आरण्यक’ हे मोठ्यांचं नाटक पण परत आलं, त्यात विदुर झाले प्रभावळकर. चेटकीण ते विदुर! नटाची रेंज म्हणजे काय विचाराल तर ही घ्या.

पण सुरुवात मतकरींच्या संस्थेपासून झाली असं समजू नका, त्याच्या आधी गिरगावात सुधा करमरकर होत्या. माझी आई गिरगावची, खोताच्या वाडीजवळची, आणि तिच्यासमोर बालनाट्य म्हटलं की ‘मधुमंजिरी’शिवाय दुसरं नाव निघतच नाही. सुधाताईंचे वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघाशी जोडलेले, त्यामुळे नाटक घरातच. त्या अमेरिकेत जाऊन तिथली मुलांची रंगभूमी बघून, शिकून आल्या आणि त्यांनी ठरवलं की आपल्याकडे पण मुलांसाठी व्यवस्थित, भरजरी, मोठ्या नटांनी केलेलं नाटक पाहिजे. हे आज ऐकायला साधं वाटतं. पण तोपर्यंत मुलांचं नाटक म्हणजे काय, तर शाळेत गॅदरिंगला मास्तरांनी पोरांकडून पाठ करून घेतलेली नाटुकली, एक राजा, एक प्रधान, मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा, आणि समोर आईबाप कौतुकाने बघतायत. मुलगा नट झाला, प्रेक्षक झालाच नाही. सुधाताईंनी ते उलटं केलं. १९५९ ला ‘मधुमंजिरी’ आलं, लिहिणारे रत्नाकर मतकरी, तेव्हा वय वर्ष वीस! आणि त्यातली चेटकीण स्वतः सुधाताई. आईने ते नाटक लहानपणी साहित्य संघाच्या थिएटरात पाहिलं, पहिल्या प्रयोगांपैकी की नंतरचं ते तिला आठवत नाही, पण चेटकीण आल्यावर आपण खुर्चीखाली गेलो आणि मामाने कॉलर धरून वर काढलं हे तिला लख्ख आठवतं. (मामा म्हणतो खुर्चीखाली तो गेला होता. हा वाद आमच्याकडे दर दिवाळीला होतो.)

सुधाताईंच्या ‘लिटल थिएटर’ने मग ‘कळलाव्या कांद्याची कहाणी’, ‘चिनी बदाम’, ‘अल्लादीन आणि जादूचा दिवा’ अशी एकावर एक नाटकं आणली. भक्ती बर्वेंची सुरुवात पण याच बालनाट्यांतून झाली, नंतर ‘ती फुलराणी’ने जे काय केलं ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे जिथे मुलांना नाटक बघायची सवय लागली तिथेच उद्याचे नट पण तयार झाले. आई सांगते की त्या नाटकांतल्या ट्रिकसीनची वाड्यांमधून दिवसेंदिवस चर्चा चालायची, अमुक माणूस गायब कसा झाला, तमुक वस्तू वर कशी गेली, आणि वरच्या मजल्यावरचे एक काका आपल्याला सगळं माहितीये असा आव आणून काहीही सांगायचे. सुधाताई २०१८ च्या फेब्रुवारीत गेल्या. म्हणजे २०१८ हे वर्ष आपल्या बालरंगभूमीच्या कॅलेंडरवर दोन्ही बाजूंनी लिहून ठेवण्यासारखं आहे.

आता वाईट अनुभव. नावं घेत नाही, कारण असले ग्रुप दर सुट्टीत नवीन नावाने उगवतात, आज हे असतील तर पुढच्या मे महिन्यात दुसरे. पश्चिम उपनगरातल्या एका हॉलमध्ये आम्ही एक ‘धम्माल बालनाट्य’ बघायला गेलो. पोस्टरवर पाच-सहा कार्टून, त्यातली निम्मी कोणाच्या परवानगीने छापली होती ते देव जाणे. आत गेल्यावर कळलं की नटांना बोलायचंच नाहीये. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं, फोमचे मुखवटे घातलेली पोरं (पोरं म्हणजे कॉलेजची, बिचारी घामाने निथळत होती) त्या आवाजावर नुसते हात हलवतायत, आणि दर सात मिनिटांनी डीजे. डीजेवर गाणी कसली, तर लग्नाच्या वरातीतली. मध्येच एक जण माइक घेऊन येतो आणि सांगतो की ज्यांना सेल्फी काढायचाय त्यांनी इंटरव्हलला अमुक रुपये भरा. गोष्ट काय होती हे घरी येताना रिक्षात मुलीला विचारलं तर ती म्हणाली, गोष्ट नव्हती ना आई. एसी दुसऱ्या अंकाला बंद झाला तो वेगळाच. तिकीट मात्र चांगल्या नाटकाएवढंच होतं. तिथे चेटकीण नाही, राक्षस नाही, कोणालाच कोणाची भीती नाही, सगळे सारखेच गोड आणि सगळे सारखेच नाचतायत, आणि म्हणून कोणाचं काही होईल याची काळजी पण वाटत नाही. पोरं अर्ध्या तासात जांभया द्यायला लागली.

म्हणून तिकीट काढायच्या आधी एवढं बघा की लेखक-दिग्दर्शकाचं नाव जाहिरातीत आहे का. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. नुसतं ‘मुलांसाठी फुल टू धमाल’ एवढंच असेल आणि कोणी लिहिलंय त्याचा पत्ताच नसेल तर त्या पैशात पोरांना राणीबागेत न्या, पेंग्विन तरी खरे आहेत.

‘निम्मा शिम्मा राक्षस’ पण अद्वैतवाल्यांनी नंतर नवीन संचात आणलं होतं, मयूरेश पेम आणि ‘तुला पाहते रे’ मालिकेतली गायत्री दातार. ते मला बरं वाटलं, वाईट नाही, गाणी-नाच जरा जास्त झाले असं माझं मत, पण मुलीला नाच आवडतात म्हणून तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त. तिच्या मते राक्षस ‘क्यूट’ होता. माझ्या मते तोच तर प्रॉब्लेम होता.

आणि आता ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही ते. ‘आविष्कार’ची चंद्रशाला. आविष्कार १९७१ ची नाट्यसंस्था, अरविंद आणि सुलभा देशपांडे, दादरची छबिलदास शाळा जिथे त्यांची प्रायोगिक नाटकं व्हायची, ते सगळं मोठ्यांच्या नाटकवाल्यांना पाठ असतं. सुलभाताई म्हणजे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे, पण त्याच बाई शाळेत शिकवायच्या, छबिलदासलाच, त्यामुळे मुलं म्हणजे काय चीज असते हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्यांनी चंद्रशाला हा मुलांचा विभाग काढला. इथे पुन्हा पोरं स्टेजवर, पण गॅदरिंगसारखी नाही, महिनोन्‌महिने तालीम, नाच, गाणं, आवाज, शिस्त, म्हणजे मोठ्यांच्या ग्रुपला जे करावं लागतं ते सगळं. तेंडुलकरांचं ‘राजाराणीला घाम हवा’ आहे ना, त्यावरून सुलभाताईंनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा सिनेमा पण केला, १९७८ च्या सुमाराचा. ज्या तेंडुलकरांच्या मोठ्यांच्या नाटकांवर लोक मोर्चे काढायचे तेच तेंडुलकर पोरांसाठी ‘चिमणा बांधतो बंगला’ लिहितात, हे मला कायम भारी वाटतं.

पण चंद्रशालेचं खरं काम म्हणजे ‘दुर्गा झाली गौरी’. १९८२. माधव साखरदांडे यांचं लेखन, नृत्य गुरू पार्वतीकुमारांचं. स्टेजवर ढीगभर पोरं, एक हट्टी तापट दुर्गा आणि तिचं पुढे काय होतं ती गोष्ट. इथे चेटकीण बाहेर नाहीये हो, पोरीच्या आतच आहे, आणि तरी उपदेश वाटत नाही कारण सगळं नाचातून जातं. पार्वतीकुमार म्हणजे भरतनाट्यममधलं केवढं मोठं नाव, त्यांनी मुलं आहेत म्हणून हात आखडता घेतलेला नाही, उलट एवढ्या पोरांचा एक पाय एका वेळी पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. नवीन नवीन पोरांच्या बॅच घेऊन त्याचे प्रयोग वर्षानुवर्षं होत आलेत, आणि एकेकाळी त्यात नाचलेल्या मुली आता आपल्या मुलींना घेऊन प्रेक्षकात बसलेल्या मी स्वतः बघितल्यात, ओठांवर सगळी गाणी. हे नाटक रोज लागत नाही. लागलं की कळवा मला, सिरियसली.

एक टीका करायचीच आहे, आणि ती एका नाटकावर नाही. आपण मुंबईत आज पोरांना दाखवण्यालायक म्हणून जी नावं घेतो त्यातली बहुतेक सगळी साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातली. जुनं परत आणणं चांगलंच, मी स्वतः पैसे देऊन जाते, पण सुधाताईंनी १९५९ ला काय केलं होतं, तर वीस वर्षांच्या नवीन पोराकडून नवीन नाटक लिहून घेतलं होतं. आज एखादा वीस वर्षांचा मुलगा बालनाटक घेऊन निर्मात्याकडे गेला तर त्याला पहिला प्रश्न काय विचारत असतील, तर यात टीव्हीवरचं कोण आहे. प्रायोगिकवाले, एकांकिकावाले एवढी पोरं दरवर्षी तयार होतात, एकापेक्षा एक लिहितात, त्यातली एक टक्का जरी मुलांसाठी लिहायला बसली तरी पुरे. पण बालनाट्याला स्पर्धेत ग्लॅमर नाही, रात्रीचा प्रयोग नाही, समीक्षक येत नाहीत, दिवाळी आणि मे सोडला तर तारखा नाहीत. आणि आपण आईबाप पण कमी नाही, मॉलमध्ये गेमझोनला हजार रुपये घालवू आणि नाटकाचं तिकीट बघून म्हणू की लहान मुलाचं पण फुल्ल तिकीट का? कारण त्याच्यासाठीच तर नाटक आहे बाई, तुझंच खरं म्हणजे हाफ पाहिजे.

आता कामाचं. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर ‘अलबत्या गलबत्या’ला घाई करू नका, काळोख आणि आवाज दोन्हीचा त्रास होतो. फार पुढची रांग पण नको, लहान पोरांना स्टेजवरचे पायच दिसत नाहीत, मान दुखते आणि चेटकीण फार जवळून दिसते, सहावी ते दहावी रांग बेस्ट. बाल्कनी स्वस्त पडते पण तिथून ओरडायला मजा येत नाही. सकाळ-दुपारचा प्रयोग असतो, त्यामुळे पोरांना पोटभर खाऊ घालून आणा, नाहीतर अर्ध लक्ष इंटरव्हलच्या वड्याकडे, अर्थात शिवाजी मंदिरचा बटाटेवडा असेल तर मोठ्यांचंही तिकडेच असतं. परळचा दामोदर हॉल पाडल्यापासून लालबाग-परळवाल्यांना दादर नाहीतर माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर गाठावं लागतं, शिवाजी मंदिरला येणार असाल तर रविवारी प्लाझा सिनेमासमोर पार्किंगच्या भानगडीत पडू नका, ट्रेनने या, स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. मुलुंडकरांना कालिदास, पार्लेकरांना दीनानाथ, बोरिवलीकरांना प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहेच. आणि कृपा करून मोबाइल वर धरून व्हिडिओ काढू नका, अंधारात चेटकीण यायच्या वेळेला समोरच्या बाईच्या फोनचा उजेड पोरांच्या डोळ्यात गेला की एवढ्या मेहनतीने लावलेली भीती तिथेच खलास होते, मागच्या वेळेला मी एका काकूंना सांगितलं तर त्या मलाच म्हणाल्या की स्टेटसला टाकायचंय.